भासऱ्यांची नवी कोंबडी

देवाने कोंबडी घाईघाईत केली आणि तशीच अर्धवट सोडून दिली, असे ठाम मत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या थोरल्या बहिणीचे भासरे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे वडील भाऊ. देवाच्या बाकीच्या कामाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. बैल त्याला चांगला साधला होता, म्हैस तर अप्रतिमच, ज्वारीच्या कणसात खोड काढायला जागा नाही. पण कोंबडीपाशी आल्यावर त्याला कुणीतरी हाक मारली असावी आणि तो हातातले काम टाकून उठून गेला असावा. ते राहिलेले काम आपल्या वाट्याला आले आहे, असे भासऱ्यांनी कधी बोलून दाखवले नाही. पण वडिलांनी अर्धी खणून सोडलेली विहीर एखाद्याने निमूटपणे पुरी करायला घ्यावी, तशी त्यांची वागणूक होती. या कामात त्यांची उमेदीची सारी वर्षे गेली. काम पुरे झाले नाही, हे आताच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला उगाच आशेवर ठेवणे बरे नव्हे. आम्ही सारे पुष्कळ वर्षे आशेवर राहिलो होतो आणि ती काय चीज असते ते मला ठाऊक आहे.

ताई किन्हीराजाला दिलेली. मी वाशीमला शाळेत मास्तर. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत तिच्याकडे जाणे ठरलेले. रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून दिवसभर हाडे खिळखिळी करून घ्यायची आणि दिवे लागायच्या आत तिच्या अंगणात उतरायचे. उतरल्या उतरल्या पायाखाली कोंबडी. घर पाटलांचे. अशा घरात घोडी असावी, म्हशी असाव्यात, पण कोंबडी नसावी, असा तिकडचा दंडक; कोंबड्या पाळायच्या त्या गावाबाहेरच्या वस्तीने. त्यातून भासरे लहानपणापासून माळकरी. अंडे त्यांनी उभ्या जन्मात तोंडात घातले नव्हते. अंगाने उंच, सडपातळ, मान जराशी पुढे काढलेली, आणि चालताना दर पावलाला ती मान आणखी पुढे जाई. गावातली टवाळ मंडळी म्हणत की पाटील हळूहळू कोंबडीवर चालला. मला ते कधी पटले नाही. कोंबडीच्या चेहऱ्यावर एवढी काळजी मी कधी पाहिलेली नाही.

हे सगळे सुरू झाले ते मानमोडीच्या तापाच्या साथीनंतर. पहिली मोठी लढाई संपत आली त्या साली ती साथ आली आणि घरटी एखादे माणूस घेऊन गेली. भासऱ्यांच्या घरातून तिने त्यांची बायको नेली. मूलबाळ नव्हते. दुसरे लग्न करा म्हणून सोयरेधायरे येऊन बसले, उठून गेले. भासरे कुणाला नाही म्हणाले नाहीत आणि हो तर म्हणालेच नाहीत. असेच एके दिवशी कापूस घेऊन वाशीमला आले होते. स्टेशनापाशी एका रेल्वेच्या साहेबाचा खानसामा टोपली घेऊन बसला होता. साहेबाची बदली झाली होती आणि टोपलीत एक पांढराशुभ्र विलायती कोंबडा न् दोन तशाच कोंबड्या होत्या. त्यांना एवढ्या लांब कोण नेणार? भासऱ्यांनी खांद्यावरचे नवे उपरणे खानसाम्याला दिले आणि टोपली रेंगीत ठेवली. घरी आल्यावर माझ्या मेहुण्यांनी विचारले, "दादा, हे काय व्हय?" भासरे म्हणाले, "साहेबाच्या कोंबड्या." "आपल्याले कायले पायजे?" यावर भासऱ्यांनी टोपलीवरचे फडके उचलून बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाले, "देखण्या हायेत. पन काईतरी राहून गेलं हाये यायच्यात."

काय राहून गेले होते ते पहिल्याच वैशाखात कळले. दोन्ही कोंबड्या उन्हाने आ वासून गेल्या. कोंबडा तेवढा पाण्याच्या रांजणाखाली ओल्या पोत्यावर बसून कसाबसा तगला. विलायती कोंबडी अंडी रोज घाली आणि मोठी घाली, पण अंड्यांवर खुडूक म्हणून बसत नसे. "मडम हाये ना थे," भासरे मला समजावून सांगत, "अंडं देते अन् निंगून जाते. लेकरं आयाच्या हातावर!" उलट आपली गावरान कोंबडी उन्हाला भीत नाही, उकिरड्यावर आपले आपण पोट भरते, पिल्लांसाठी घारीच्या अंगावर धावून जाते, पण तिचे अंडे बोराएवढे, आणि तेही तिच्या मनात आले तर. तेव्हा दोघींचे गुण एकीत आणायचे. त्यांना हवी असलेली कोंबडी त्यांनी मला पहिल्याच सुटीत तोंडी सांगितली आणि पुढे दर सुटीत ती पुन्हा सांगत. फरक एवढाच की दर खेपेला तिच्यात एखादा गुण वाढलेला असे. उन्हात धाप लागता कामा नये. मुंगूस आले तर पळायचे नाही. बसायची वेळ झाली की बसावे, उठायची वेळ झाली की उठावे. "अन् सभाव गरीब पायजे, मास्तर," हे शेवटी असायचेच. मी एकदा म्हटले, "दादाजी, एवढे गुण एका ठिकाणी माणसात सुद्धा सापडत नाहीत." तर म्हणाले, "म्हनूनच तं कोंबडीत करून पाहून राह्यलो. मानसात कोन ऐकते?"

लग्नसंबंध जुळवण्यात त्यांची बरोबरी करणारा माणूस त्या भागात नव्हता, फक्त ते संबंध कोंबड्यांचे असत. कोणत्या कोंबड्याला कोणती तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, द्यायची, तिची आई कशी होती, आजी कशाने गेली, मावशीला पांगळेपणा होता का, हे सारे त्यांच्या तोंडावर. सख्ख्या भावाबहिणीत सोयरीक करायची नाही, हा नियम कडक. घरच्या माणसांची नाती मात्र त्यांना आठवत नसत. मला ते दोन-तीन वर्षे ताईचा चुलतभाऊ समजत होते. ताईच्या मोठ्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट. नवरा मुलगा बैठकीत बसलेला. सगळे त्याला शेतीचे, शिक्षणाचे विचारताहेत, आणि भासरे खांबाला टेकून एकटक त्याच्या पायांकडे बघताहेत. पोराने दोनदा धोतर खाली ओढून घेतले. शेवटी भासरे माझ्या कानाशी वाकले, पण आवाज हळू करायचे विसरले. "नळी बारीक हाये," ते म्हणाले, "पन सभाव गरीब दिसते. चालंन." मुलाचा मामा ताडकन उठला. त्याला खाली बसवायला माझ्या मेहुण्यांना सगळे कसब पणाला लावावे लागले. लग्न झाले, आणि मुलगी सुखात आहे. नवऱ्याचा स्वभाव खरोखरच गरीब निघाला.

मी अंडी खातो हे त्यांना समजले, तेव्हा त्या घरात माझी किंमत एकदम वाढली. त्यांना स्वतःला चाखता येत नव्हते आणि चवीवाचून तर निवड पुरी होईना. मेहुण्यांना विचारून उपयोग नसे. मीठ आहे आणि नाही यापलीकडे त्यांची जीभ गेली नव्हती. सकाळी ताई तव्यावर अंडे करून आणी आणि भासरे माझ्यासमोर मांडी घालून बसत, जसा काही मी साक्षीला आलेला इसम. "कसं लागते?" "चांगलं." "चांगलं मंजे? उडदावानी का तुरीवानी?" मला सांगता येत नसे. "जड लागते का हलकं?" "मध्यम." ते हताश होऊन म्हणत, "मास्तर, तुमी पोरायले काय शिकवता?"

त्या काळी, आणि आमच्याकडे पुष्कळ घरांत अजूनही, सुनेने भासऱ्यांसमोर पदर पुढे ओढायचा आणि त्यांच्याशी तोंडावर बोलायचे नाही, अशी रीत. इतर घरांत निरोप पोरांमार्फत जातात. आमच्या ताईच्या घरात ते कोंबड्यांमार्फत जात. भासरे अंगणातल्या एखाद्या कोंबडीला विचारीत, "काय व, घरात ताक हाये का आज?" आतून ताई मांजराला, नाहीतर चुलीला सांगे, "ताक हाये, पन आंबट झालं. दूध घ्या म्हना." मग भासरे कोंबडीला म्हणत, "दूध नोको. तुह्या पिलायले होईन." असा त्या दोघांचा संसारातला सगळा व्यवहार चाले, भांडणेसुद्धा. ताईच्या वाळवणातल्या सरगुंड्या कोंबड्यांनी खाल्ल्या, त्या दिवशी तिने एका कोंबडीला जे काही सुनावले ते ऐकून भासरे दुपारभर शेतातून आले नाहीत.

पहिली पिढी निघाली ती इतकी सुंदर की आम्हालाही वाटले, देवाने मान खाली घातली. विलायती कोंबडा, गावरान कोंबड्या, आणि पिल्ले एकजात पांढरी, धट्टीकट्टी, आयांपेक्षा मोठी. अंडी भरपूर. ऊन त्यांच्या पाठीवरून गेले तरी त्यांना पत्ता नाही. भासऱ्यांनी गावभर गूळ वाटला. मग त्या पांढऱ्यांना आपसात, वेगवेगळ्या आयांची बघून, जोड्या लावून दिल्या आणि दुसरी पिढी बांबूच्या डालग्याखाली उबली. डालगे उचलले, तर आत अठरापगड वस्ती! तांबडे, काळे, कवडे, ठिपक्याठिपक्यांचे, एकाच्या मानेवर पिसेच नाहीत. आजोबाचा रंग आजीच्या स्वभावावर आणि आजीचे अंडे आजोबाच्या अंगावर. मोठ्या झाल्यावर उन्हाने धापा टाकणाऱ्या नेमक्या त्याच निघाल्या ज्या अंडीही देत नव्हत्या; आणि जी एकटी मोठी अंडी देई, ती त्यांच्यावर चुकूनही बसत नसे. भासरे ओट्यावर बसून बघत राहिले. मी शेजारी जाऊन बसलो. तसे ते म्हणाले, "मास्तर, सारे गुन आले पाहा. एकही राह्यला नाई. पन एका जागी काहून येत नसतीन?"

मग त्यांनी ठरवले की रक्तात ताकद कमी पडते. त्यासाठी हिंगोलीकडे, निजामाच्या मुलखात गेले आणि एका म्हाताऱ्या खाँसाहेबांकडून झुंजीचा असील कोंबडा घेऊन आले. खाँसाहेबांनी तो देताना डोळ्यांत पाणी आणून सांगितले होते, "पाटील, ये मुर्गा नहीं, अमानत है." अमानतीची पुढची संतती अशी निपजली की घरात शिरायला माणसे मागच्या दाराने येऊ लागली. एकदा पटवारी कामासाठी आले. दोन तरण्या कोंबड्यांनी त्यांना कडब्याच्या गंजीवर चढवले आणि खाली येरझाऱ्या घालत राहिले. ताई पाण्यावरून आली तेव्हा कुठे केरसुणी घेऊन तिने त्यांची सुटका केली. भासऱ्यांना मागाहून हे सांगितले, तर ते विचारात पडले. "पटवाऱ्याले ओळखलं का त्यायनं?" म्हणाले. "मंजे अक्कल आली हाये."

पण हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे असले, तरी एक गोष्ट तशी नव्हती, आणि तिनेच त्यांचा घात केला. नवी जात करायची म्हणजे चांगले निवडायचे आणि बाकीचे टाकायचे. निवडण्यात त्यांची नजर अशी की पिल्लाच्या अंगावर पिसे फुटायच्या आधी ते बोट ठेवून सांगत, आणि ते खरे निघे. टाकणे मात्र त्यांना साधले नाही. मेहुणे एकदा वैतागून म्हणाले, "दादा, निवडायचं मंजे टाकायचं बी लागते. नापास झालेल्या बाजारात नेऊन इका." भासरे म्हणाले, "बाजारातून थ्या कुठं जातीन?" बाजारातून कोंबडी कुठे जाते हे सांगायची गरज नव्हती. त्यामुळे वाकड्या चोचीची, आंधळी, आरवता न येणारा, जन्मात अंडे न घातलेली, अशी सगळी नापास प्रजा तिथेच राही, ज्वारी खाई आणि म्हातारपणाने मरे. पास झालेल्या वेगळ्या ठेवल्या होत्या, पण मधले कुंपण कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे. असल्या बाबतीत पऱ्हाटीच्या कुंपणाला कोण विचारतो? वर्षभर जपून लावलेली सोयरीक एखादा वाकड्या चोचीचा एका सकाळी उधळून लावी. पुन्हा पहिल्यापासून. मी दिवाळीला जाई तेव्हा ते सांगत, "उन्हाळ्यात पाहा." उन्हाळ्यात जाई तेव्हा सांगत, "यंदाचं गेलंच." अशी किती वर्षे गेली कुणी मोजली नाहीत. त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, ताईची मुले मोठी झाली, पहिला पांढरा कोंबडा कधीच मातीत गेला, आणि आम्ही त्यांना काही विचारणे बंद केले. विचारले की ते उत्साहाने सांगू लागत, तेच पाहवत नसे.

शेवटी त्यांनी दूरच्या शेतात, जिथे कुणी येत-जात नाही अशा जागी, मातीच्या उंच भिंतीचा गोठा बांधला आणि चार-दोन निवडक पक्षी घेऊन स्वतः तिकडेच राहायला गेले. तिथे ते काम जमले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले म्हणून सांगतो. राखेच्या रंगाच्या कोंबड्या, मानेवर तांबूस झाक, पाय पिवळे, अंगाने भरलेल्या पण चपळ. पिल्ले आईसारखी, आणि त्या पिल्लांची पिल्लेही तशीच. एका डालग्याखाली एकच रंग. भर वैशाखात बाभळीच्या विरळ सावलीत त्या निवांत माती उकरत होत्या. भासरे माझ्याशी अगदी हळू आवाजात बोलत होते. देवाच्या कानावर जाईल अशी त्यांना भीती असावी. त्यांनी स्वतः तीन दगडांच्या चुलीवर मला अंडे उकडून दिले, आणि मांडी घालून समोर बसले. मी त्या दिवशी मास्तर असल्याचे सार्थक केले. म्हटले, "दादाजी, तूप न घालता तूप घातल्यासारखं लागतं." त्यांनी तोंड फिरवले आणि उपरण्याने नाक पुसले. "सभाव बी गरीब हाये," एवढेच म्हणाले.

त्या हिवाळ्यात वाशीमला गुराढोरांचे प्रदर्शन भरले आणि त्यात कोंबड्यांसाठीही एक मांडव होता. मीच त्यांना कळवले. ते एक कोंबडा आणि काही कोंबड्या घेऊन माझ्याकडे उतरले, माझ्या बायकोने कौतुकाने टोपलीला हळदकुंकू लावले. मांडवात ठिकठिकाणचे पक्षी आलेले, एकाला एक खेटून ठेवलेले. साहेब आला. बाकीच्यांपुढून भराभर गेला, आमच्यापुढे थांबला. कोंबडी हातात घेतली, पंख उघडून पाहिला आणि इंग्रजी वळणाच्या मराठीत विचारले, "ही जात कोणती?" भासऱ्यांनी उपरणे सारखे केले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. म्हणाले, "किन्हीराजाची, साहेब." साहेबाने मान डोलावली आणि तो पुढे गेला. त्याच्या मागचा कारकून म्हणाला की बक्षीस एक तर देशीला आहे, नाही तर विलायतीला. ही दोन्हीत बसत नाही. मी भांडायला उठलो. भासऱ्यांनी माझा हात धरला. "जाऊ द्या, मास्तर. जात कोनती म्हनून इचारलं ना त्यानं?" त्या दिवशी ते माझ्याकडे पोटभर जेवले. मी त्यांना इतके जेवताना कधी पाहिले नव्हते.

ते परत गेले आणि आठवडा झाला नसेल, तो त्यांच्या गावचा एक गाडीवान शाळेत मला शोधत आला. म्हणाला, "पाटलाच्या कोंबड्यायले रोग लागला. मान फिरवून राह्यल्या." प्रदर्शनात शेजारच्या टोपलीत कुणाचा तरी पक्षी मलूल बसलेला मी पाहिला होता. मी तसाच गावातल्या ढोरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, औषध नाही. आजारी असतील त्या मारून चुना टाकून खोल पुरा, चांगल्या असतील त्या लांब न्या, म्हणजे काही वाचल्या तर वाचतील. मी किन्हीराजा गाठले. शेतातल्या गोठ्यात राखी कोंबड्या जागच्या जागी गोल फिरत होत्या, माना पिळून आभाळाकडे झालेल्या. तिथून रोग घरच्या अंगणातही आला होता आणि नापासांनाही सोडत नव्हता. या रोगाला लोक मानमोडीच म्हणतात. तो शब्द त्या घरात पूर्वी एकदा येऊन गेला होता, त्यामुळे कुणी तो उच्चारत नव्हते. भासरे एका कोंबडीला मांडीवर घेऊन चमच्याने हळदीचे पाणी पाजत होते. मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. त्यांनी ऐकले. "मंजे मारायच्या," ते म्हणाले आणि चमचा भरून पुन्हा तिच्या चोचीला लावला.

मेहुणे समजावून थकले. मी थकलो. तेव्हा ताई आली. घरापासून शेतापर्यंत चालत आली होती. गोठ्याच्या दारात उभी राहिली, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलली.

"दादाजी, उठा."

भासऱ्यांनी वर पाहिले. ती कुणाशी बोलते आहे ते त्यांना कळेना. त्यांनी आजूबाजूला कोंबडीच शोधली.

"तुमच्याशीच बोलून राह्यली. जावबाई गेल्या तवा बी तुमी असेच चमचा घेऊन बसले व्हते. कोनाले जवळ येऊ देल्लं नाई. मी नवी सून, मले तोंड उघडता आलं नाई. यातल्या धडधाकट ज्या हायेत थ्या दाखवा. मी माह्या खोलीत नेतो त्याइले."

"अन् बाकीच्या?" भासऱ्यांनी मांडीवरच्या कोंबडीला विचारले.

"बाकीच्या माह्यावर सोडा. तुमच्यानं व्हनार नाई."

ते उठले. हळूहळू फिरले आणि बोट ठेवून तीन कोंबड्या आणि एक कोंबडा दाखवला. ताईने त्या पदराखाली घेऊन माझ्या हातातल्या टोपलीत ठेवल्या. मग ती आणि मेहुणे बाकीच्या घेऊन गोठ्यामागे गेले. जिने आयुष्यात कधी कोंबडी कापली नव्हती, तिने ते सगळे आपल्या हाताने केले. मेहुणे खड्डा खणत होते. भासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि मी त्यांच्याजवळ. पलीकडून आवाज आला की त्यांचा खांदा हलायचा. घरच्या अंगणातल्या नापासांचेही त्याच दिवशी झाले. वाकड्या चोचीचा तेवढा धडधाकट होता. तोही दुसऱ्या दिवशी गोल फिरू लागला.

ताईने आपल्या खोलीतून बिछाने बाहेर काढले आणि त्या चौघांना आत ठेवले. मुलांची अंथरुणे ओसरीवर घातली. दारात कुणाला येऊ देईना. आम्हाला वाटले की जमले. मग कोंबडा गेला. मग दोन कोंबड्या. शेवटची बरेच दिवस राहिली, मरायच्या आदल्या दिवशी तिने एक अंडे घातले. ते वस्तीवरून आणलेल्या एका खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवले. ती बिचारी बसली. तिचे काही चुकले नाही. ठरलेले दिवस झाले, आणखीही बरेच होऊ दिले. एका सकाळी भासऱ्यांनी तिला अलगद उचलून ते अंडे कानाशी हलवून पाहिले; आत नुसते पाणी वाजले. ते त्यांनी ताईच्या हातात दिले. "गार हाये, सूनबाई," ते म्हणाले. त्यांनी तिला सरळ उद्देशून म्हटलेले ते पहिलेच वाक्य.

त्यानंतर त्यांनी कोंबडी पाळली नाही. चार माणसांसारखे राहू लागले, हे सगळ्यांत वाईट. सकाळी शेतात जात, दुपारी येत, ओट्यावर बसत. अंगण इतके स्वच्छ असे की मला तिथे पाय ठेववेना. ताई आता त्यांच्याशी तोंडावर भांडत असे: भाकरी का ठेवली, ताक का नाही घेतले, उन्हात पागोट्याशिवाय का गेले. गावातल्या बायका नावे ठेवीत, पण ती ऐकत नसे आणि तेही निमूट जेवत. एक वैशाख असा गेला, त्यापुढच्या वैशाखात ते गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. त्याआधीच्या दिवाळीत मी त्यांना शेवटचा भेटलो.

परत निघालो तेव्हा ते मला गावाबाहेर पोचवायला आले. रेंगी पुढे हळूहळू चालली होती आणि आम्ही दोघे मागून पायी. पाऊस लांबला होता त्या साली. वाटेवर चिखल, दोन्हीकडे तुरी हिरव्यागार. पुष्कळ अंतर गेल्यावर ते आपणहून म्हणाले, "मास्तर, माहं काय चुकलं थे मले समजलं. मी पास केल्या थ्या बरोबर केल्या. नापास टाकल्या असत्या तं पंधरा सालं आधीच जात पक्की झाली असती. गावोगाव गेली असती. मंग एका जागची मेली तरी दुसरीकडं राह्यली असती."

ते खरेच होते. मी म्हटले, "मग दादाजी, पुन्हा करायचं झालं तर?"

ते थांबले. मान पुढे काढून तुरीकडे पाहिले. "तं काय," म्हणाले, "तरी बी नसत्या टाकल्या."

आणि हसले. रेंगीत चढलो, तेव्हा त्यांनी माझ्या पायांवर घोंगडी नीट केली आणि वळले. मी मागे पाहत होतो. हात पाठीमागे बांधून ते वाटेच्या कोरड्या कडेकडेने चालले होते. पुढे कुणाची तरी बकरी नेमकी त्या कोरड्या कडेवर रवंथ करत बसली होती. ते तिच्यापाशी जरा थांबले. मग धोतर वर धरले आणि तिला न उठवता चिखलातून पलीकडे गेले.